पाळी सरकली, तर लिखाणही सरकवा

सारसोळ्यातली बरीच मुलं-मुली महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेवर काम करतात. त्यांतली काही लिहितातही. कुणाची कादंबरी अर्धवट आहे, कुणी दिवाळी अंकाला कथा कबूल केली आहे. हे आवाहन त्यांना आहे.

आपल्याकडचं घड्याळ वर्षभर एकच. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतले काटे तासभर मागे जातात आणि झळ नेरूळच्या सेक्टर ६ पर्यंत पोचते. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचला संपणारी पाळी उन्हाळ्यात आपल्या रात्री अडीचला सुटते, ती आता साडेतीनला. गाडी पाम बीच रोडने गावात येईतो सव्वाचार. पाठ टेकते न टेकते तोच लिहिण्यासाठी लावलेला पाचचा गजर वाजतो. चार दिवस माणूस रेटतो, पाचव्या दिवशी वही मिटते आणि तो स्वतःला आळशी ठरवतो. कृपा करून असं ठरवू नका. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं आणि नव्या वेळेला रुळायला काही दिवस घेतं. हे घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्याच्याशी जिद्दीने भांडून काही हाती लागत नाही.

आपल्या गावातल्या कोळ्यांकडे बघा. खाडीची भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. होडी घालणारा पाण्याची वेळ बघून निघतो, आणि झोपही त्याच हिशेबाने काढतो.

तुम्हीही लिखाण गजराला बांधू नका, उठण्याला बांधा. अकराला उठत असाल तर बाराला बसा. बाराला उठू लागलात तर एकला. पाळीतला शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आत घ्या, कारण त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं. खिडकीला जाड पडदा लावा. मार्चमध्ये पाळी पुन्हा तासभर लवकर सुटेल, तो तास मोबाइलला देऊ नका, झोपेला द्या.

घरच्या मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे. सकाळी दहाला झोपलेलं पोर ऐतखाऊ नाही, त्याची तेव्हा रात्र असते. पार्सल घ्यायला, गॅसवाल्याला दार उघडायला त्याला उठवू नका.

आणि ज्या आठवड्यात पाळी सरकते, त्या आठवड्यात नवं प्रकरण सुरू करू नका. जुनी पानं काढा, खाडाखोड करा, पात्रांची नावं-गावं जुळतात का ते तपासा, टंकलेखन उरकून घ्या. नवीन लिहायला पुढचा आठवडा आहे.