धर्माचा रकाना कशासाठी?

नोकरीवर रुजू होताना मी एक फॉर्म भरला होता. नाव, आधार, बँक खाते, रक्तगट आणि धर्म. हिशेबाच्या कामाला धर्म कशाला, असे विचारले तेव्हा ‘फॉर्मच तसा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे तीच यादी धर्मासकट ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली. कुणी माफीही मागितली नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. २०१९ च्या विधेयकात धर्म आणि जात यांना ‘संवेदनशील’ माहितीचा दर्जा होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून तो वर्गच गायब झाला. नोकरीच्या काही कारणांसाठी मालकाला संमतीचीही गरज नाही. माहिती सुरक्षित न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती चव्हाट्यावर आली, त्याला या कायद्यात भरपाई नाही. उलट, तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर दहा हजारांपर्यंत दंड त्यालाच.

हा कायदा बदलावा, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण आपल्या समाजाच्या शाळा, ट्रस्ट, दवाखाने हेही मालकच आहेत. शिक्षिकेला तिचा मसलक आणि तलाक झाला आहे का, हे आपण का विचारतो? तिची फाइल कुलपात असते का? दुसऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवण्याआधी आपला रकाना खोडू या.