सैन्य ब्रिटनचं, बिल हाँगकाँगचं: छावण्यांच्या जमिनीचा सौदा कसा झाला?

मे २०२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसशी करार केला. चागोस बेटांचा ताबा मॉरिशसला द्यायचा, दिएगो गार्सियाचा लष्करी तळ मात्र ९९ वर्षं आपल्याकडे ठेवायचा आणि त्यासाठी वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पाउंड मोजायचे. एवढे पैसे कशाला, म्हणून ब्रिटनमध्ये बरीच ओरड झाली.

पन्नास वर्षांपूर्वी हाच हिशेब उलटा चालायचा. तेव्हा वसाहतीत तळ ब्रिटनचा असायचा आणि पैसे वसाहत भरायची. हाँगकाँग हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण.

१९७० च्या दशकात ब्रिटनची तिजोरी खडखडाट होती. संरक्षण खर्चाला कात्री लागत होती, सुएझच्या पूर्वेकडचे तळ बंद होत होते. हाँगकाँगमधलं सैन्य ठेवायचं, पण खर्च हाँगकाँगने उचलावा, असं लंडनने ठरवलं. १९७५ च्या वाटाघाटींनंतर हाँगकाँगचा वाटा टप्प्याटप्प्याने ७५ टक्क्यांवर गेला. १९८१ च्या करारातही तो तेवढाच राहिला.

आता प्रश्न असा, की हे सैन्य कशासाठी होतं? चीनने खरंच हल्ला केला असता तर काही हजार सैनिक फार काळ टिकले नसते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रत्यक्षात सीमेवरून येणाऱ्या बेकायदा स्थलांतरितांना अडवणं आणि दंगल झालीच तर पोलिसांच्या मागे उभं राहणं, हेच मुख्य काम. त्यात गोरखा पलटणींचा वाटा मोठा होता. शिवाय १९८५ पर्यंत हाँगकाँगच्या विधिमंडळात निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. म्हणजे ज्यांच्या करातून पैसे जात होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. भारताला हे नवीन नाही. इथल्या लष्करी खर्चाच्या ओझ्याबद्दल गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्येच लंडनला जाऊन वेल्बी आयोगापुढे बोलले होते.

पण हाँगकाँग सरकारच्या हातातही एक पत्ता होता, जमीन.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याने बेटावरची मोक्याची जागा धरली होती. शहर वाढलं आणि छावणी ऐन मध्यभागी आली. एका बाजूला सेंट्रल, दुसऱ्या बाजूला वान चाय, मध्ये बराकी. कर कमी ठेवून जमिनीच्या लिलावावर मोठी कमाई करणाऱ्या सरकारसाठी ही जागा अडकून पडणं म्हणजे थेट तोटा. त्यामुळे पैशांच्या बोलण्यासोबत जमिनीचंही बोलणं चालायचं: ही छावणी सोडा, बदल्यात दुसरीकडे सोय करून देतो.

व्हिक्टोरिया बराकी अशाच रिकाम्या झाल्या. तिथे आज पॅसिफिक प्लेस आणि १९९१ मध्ये खुलं झालेलं हाँगकाँग पार्क आहे. ७५ टक्के बिल भरूनही हाँगकाँग अगदीच रिकाम्या हाताने उठलं नाही, ते या जमिनीमुळे.

१९८८ मध्ये वाटा ६५ टक्क्यांवर आला. तोवर १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरलं होतं आणि जमिनीच्या वाटाघाटीत बीजिंग उतरलं होतं. ३० जून १९९४ ला ब्रिटन आणि चीनचा करार झाला. एकूण ३९ लष्करी जागांपैकी २५ हाँगकाँग सरकारला, १४ चिनी सैन्याला. वर स्टोनकटर्स बेटावर नवा नौदल तळ हाँगकाँगने बांधून द्यायचा आणि सेंट्रलच्या किनाऱ्यावर १५० मीटर जागा लष्करी धक्क्यासाठी राखायची. हा धक्का २०२० मध्ये चिनी सैन्याकडे गेला.

आता सैन्याचा खर्च बीजिंग उचलतं, मूलभूत कायद्याच्या कलम १४ मध्येच तसं लिहिलंय. सैन्याला नको असलेली जमीन हाँगकाँगला फुकट परत मिळते, पण ती नको आहे हे मान्य करायचा अधिकार बीजिंगचा. शहरात घरांची टंचाई इतकी आहे की या जागांवर घरं बांधा, अशी मागणी अधूनमधून होते. सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: सगळ्या जागा संरक्षणासाठी वापरात आहेत.