वही तिची, उपकरण त्याचे?

मीना नावाच्या मुलीची चित्रमालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे दशक मुलींसाठी जाहीर केले होते. त्या काळात युनिसेफने ही मालिका तयार करविली आणि तिच्या चित्रांमागे मुंबईच्या राम मोहन यांचा हात होता. भारत, बांगलादेश, नेपाळ व पाकिस्तान येथील मुलांना व पालकांना आधी चित्रे दाखवून, त्यांचे म्हणणे ऐकून मग मीनाचे नाव आणि पोशाख ठरविण्यात आला. म्हणूनच ती चारही देशांत घरचीच वाटली.

पहिल्या गोष्टीत मीनाचा भाऊ राजू शाळेत जातो, ती घरी राहते. तिचा पोपट मिठू शाळेत जाऊन जे ऐकून येतो तेच ती शिकते. एके दिवशी ती कोंबड्या मोजते, तर एक कमी! त्यातून चोर पकडला जातो. मी पदार्थविज्ञान शिकवितो, म्हणूनही असेल, पण मला ही गोष्ट फार आवडते. मीना भाषण करीत नाही. ती मोजते, आणि आकडा जुळत नाही म्हणून शोध घेते. विज्ञान याहून वेगळे काय असते?

आता आमच्या प्रयोगशाळेत या. चौघांचा गट, समोर वर्णपटमापी. दुर्बिणीला डोळा मुलगा लावतो, स्क्रू तोच फिरवितो, आकडे तोच सांगतो. मुलगी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरविते. तिच्या वहीला गुण चांगले मिळतात. मात्र तोंडी परीक्षेत "लोलक टेबलावर बसवून दाखव" म्हटले की तिचे हात थरथरतात. कित्येक वर्षे मी त्या नीटनेटक्या वह्यांचे कौतुकच करीत होतो, हे कबूल केले पाहिजे.

ही सवय महाविद्यालयात लागत नाही. भिंग मुलाच्या हाती आणि मुलगी कौतुकाने पाहते आहे, अशी चित्रे आपण लहानपणापासून पाहत आलो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर बाबांनाही भाजी निवडायला बसविले, तेव्हा काहींना हसू आले. मला ते चित्र महत्त्वाचे वाटते. आपल्यासारख्या मासिकांनीही प्रयोगाच्या आकृतीत हात कोणाचा काढला आहे, हे तपासून पाहावे.

मीनाच्या दुसऱ्या एका गोष्टीत राजू आणि ती एक दिवस कामांची अदलाबदल करतात, आणि संध्याकाळी राजूला बरेच काही उमगते. शिक्षकांनी हीच युक्ती प्रयोगाच्या तासाला करावी : प्रत्येक वाचनानंतर जागा बदलायच्या. खर्च शून्य!

आकाशदर्शनाचे काम याहून अवघड आहे. रात्रीचा कार्यक्रम म्हटला की मुलींची संख्या निम्म्याने घटते, आणि पालकांची काळजी काही खोटी नसते. तेव्हा तो दूरच्या माळावर न ठेवता शाळेच्या पटांगणात, सायंकाळी सात वाजता ठेवावा आणि आयांना, आज्यांना आग्रहाने बोलवावे. चंद्रावरची विवरे, गुरूचे चार उपग्रह तेथूनही दिसतात. अनेक शाळांत मीना-राजू मंच आहेत. त्यांनी घरोघर निमंत्रणे द्यावीत. टेबल-खुर्च्या मुलांनी उचलाव्यात. दुर्बीण मुलींनी लावावी, आणि ती लागेपर्यंत मुलांनी "दे, मी करतो" असे म्हणू नये.