थांबायचं, पण तारीख ठरवून

बाळंतपणात बाळाचा हात लुळा पडला की घरोघरी एकच दिलासा ऐकू येतो, ‘मालीश करा, होईल हो हळूहळू बरा!’ मैत्रिणींनो, हा दिलासा खोटा नाही. पण तो अर्धाच आहे.

मानेतून हाताकडे पाच नसांचा जुडगा जातो. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, की ओढाताणीत या नसा ताणल्या जातात, कधी तुटतातही. बाळ वजनाने मोठं असेल किंवा आईला मधुमेह असेल तर धोका वाढतो. पण पुष्कळदा आधी काहीच अंदाज येत नाही. १८५९ मध्ये बर्लिनच्या राजघराण्यात जन्मलेल्या दुसऱ्या विल्हेल्मचा डावा हातही असाच जन्मभर अधू राहिला. तेव्हा ‘हिनं नीट जोर लावला नाही’ हा आईवरचा ठपका आधी पुसून टाकूया.

ताणलेली नस आपोआप भरून येते. बहुतेक बाळांचे हात पहिल्या काही महिन्यांत सुधारतात. तुटलेली नस मात्र कितीही तेल जिरवलं तरी जुळत नाही. तीन महिन्यांचं बाळ कोपर वाकवून हात तोंडाकडे नेत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवायलाच हवं. गरज असेल तर पायातली नस घेऊन जोड देतात, आणि ही शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते नवव्या महिन्यात करतात. नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि फार काळ नसेविना राहिलेला स्नायू पुन्हा कामाला लागत नाही. म्हणून थांबायचं, पण तारीख ठरवून.

ही वेळ गेली किंवा सुधारणा अर्धवट राहिली, तर पुढे खांद्याची शस्त्रक्रिया असते. त्यात स्नायूंची जागा बदलतात किंवा दंडाचं हाड वळवून बसवतात. खरी घालमेल इथे होते. आमच्या बोरिवलीच्या महिला मंडळात येणाऱ्या एका आईची मुलगी साडेचार वर्षांची आहे. डॉक्टरांनी स्नायू बदलायला सुचवलं आणि घरात दोन तट पडले. आजी म्हणाल्या, ‘चाललंय ना तिचं, कशाला कापाकापी?’ काका म्हणाले, ‘मुलीची जात, उद्या लग्नात अडेल, करून टाका.’ मुलीला काय हवंय, हे कुणाच्याच बोलण्यात नव्हतं.

मी त्या आईला एवढंच सुचवलं, की लेकीला काय जमत नाही ते कागदावर लिही. तिनं लिहिलं : आंघोळीचा तांब्या डोक्यावर नेता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, शाळेत हात वर करता येत नाही. हा कागद घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हात वर आणि डोक्यामागे जाणं सुधारेल, पण पाठीमागे नेणं कदाचित आणखी अवघड होईल. हात थोडा बारीक, आखूडही राहील. ती घरी येऊन म्हणाली, ‘ताई, पुढून बटणांचे फ्रॉक शिवता येतात. डोक्यावर पाणी तिचं तिलाच घेऊ दे.’ तिनं होकार दिला. लग्नाचा विषय तिनं त्यात येऊच दिला नाही.

होकारानंतरचा भारही बाईच्याच पदरात पडतो. आधी काही आठवडे प्लास्टर, मग कित्येक महिने व्यायाम. बोरिवलीहून हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत किंवा परळच्या वाडिया रुग्णालयात जायचं, तर मूल कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीत अर्धा दिवस जातो. घरकामाला जाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते. तालुक्याच्या गावाहून यायचं, तर किती दिवस बुडतील याचा हिशेब आपणच करा.

म्हणून मूळ प्रश्न वेळेवर ओळखण्याचा आहे. २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. पण चार महिन्यांचं बाळ अंगणवाडीत कुठून असणार? त्याच्या घरी जाते ती आशाताई. २०१८ पासून बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या गृहभेटी ठरवून दिल्या आहेत. त्यांत वजन, लसी, वरचं खाणं यांची चौकशी होते. तिसऱ्या महिन्याची भेट आणि कोपराच्या परीक्षेची वेळ नेमकी एकच! त्या भेटीत बाळाच्या दोन्ही हातांकडे पाहण्याची सक्त सूचना का असू नये? आणि प्रसूतिगृहाने घरी सोडतानाच्या कागदावर ‘हात हलत नाही, अमुक तारखेला दाखवा’ असं लिहायला काय हरकत आहे? त्याला जास्तीचा पैसा लागत नाही.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र आपली शस्त्रक्रिया यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

तुमच्या ओळखीत असं बाळ असेल, तर ‘होईल बरं’ म्हणा जरूर. पण त्याच बैठकीत कॅलेंडर मागवा आणि तीन महिने पूर्ण होण्याच्या तारखेवर खूण करून द्या.