होम थिएटर घेताना आणि घेतल्यावर



भोकरदन आणि आसपासच्या खेड्यांत मिरचीचे किंवा कपाशीचे पैसे हाती आले, बांधकामावरची मजुरी एकरकमी मिळाली किंवा मुलगा नोकरीला लागला की घरात जी पहिली हौसेची वस्तू येते, त्यात आता होम थिएटरचा नंबर बराच वर आहे. हौस करू नये असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने संध्याकाळी दोन गाणी चांगल्या आवाजात ऐकली तर त्यात वावगे काही नाही. पण ज्यांनी हे संच घेतले अशा दहा-बारा घरी आम्ही बसलो, त्यांचे अनुभव ऐकले, तेव्हा ध्यानात आले की बहुतेकांनी पैसे एका गोष्टीसाठी मोजले आणि पदरात दुसरीच पडली. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडा इतिहास. दोन बाजूंनी आवाज देण्याची, म्हणजे स्टिरिओची कल्पना अॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरची. त्याने १९३१ साली तिचे पेटंट मागितले. सिनेमा पाहताना पडद्यावरचा नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकले होते, असे सांगतात. पुढे १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि १९८२ मध्ये सीडी आली. आपल्याकडे खरी क्रांती केली ती कॅसेटने. ग्रामोफोन श्रीमंताच्या माडीवर राहिला, टेप मात्र झोपडीत आला. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज आणि वामनदादा कर्डकांची गीते वस्ती-वस्तीत पोचली ती कॅसेटवरूनच. नव्वदच्या दशकात एकाच पेटीत रेडिओ, दोन कॅसेटचा डेक, सीडी आणि सुटे दोन स्पीकर असलेले आटोपशीर स्टिरिओ संच दिसू लागले. आपल्या शेजारीच, तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. त्यामुळे टीव्ही-फ्रिज बनवणारे हात आपल्याच मराठवाड्यातले आहेत याचा लोकांना अभिमान वाटे. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. स्टिरिओ संचांची जागा पुढे पाच स्पीकर आणि एक वूफर असलेल्या होम थिएटरने घेतली. असो.

खोक्यावरचा आकडा

दुकानात गेल्यावर पहिली नजर जाते ती खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर. ‘५००० वॅट पी.एम.पी.ओ.’ असे झळकत असते. हा आकडा कसा मोजायचा याचे कोणतेही ठरलेले प्रमाण नाही. क्षणाच्या लहानशा भागात होणारा धक्का धरून तो कितीही फुगवता येतो. खरा आकडा ‘आर.एम.एस.’ वॅटचा. संच सतत किती ताकदीने वाजेल, ते त्यावरून कळते.

आर.एम.एस. लिहिलेले नसेल तर आम्ही एक सोपा उपाय सांगतो. संच उलटा करून मागची पट्टी वाचावी. तिथे ‘पॉवर कन्झम्प्शन’ म्हणजे वीज किती लागते ते छापलेले असते. समजा तिथे ६० वॅट लिहिले आहे, तर तो संच सतत ६० वॅटपेक्षा जास्त आवाज देऊच शकत नाही, कारण जेवढे आत जाते त्याहून जास्त बाहेर येत नाही. हा आपल्या घरखर्चाचाच नियम आहे.

दुसरी गोष्ट. वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, असे नसते. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारण दहापट ताकद लागते. म्हणून दहा बाय बाराच्या खोलीसाठी जास्त वॅटचा संच घेण्यात पैसे घालू नयेत. तेच पैसे बऱ्या स्पीकरमध्ये घालावेत.

मागचे स्पीकर मुके का?

आम्हाला सर्वात जास्त ऐकू आलेली तक्रार ही. एका घरात तर घरधन्याने मागचे दोन्ही स्पीकर बिघडले म्हणून काढून माळ्यावर टाकले होते. आम्ही ते उतरवून तपासले, ते ठणठणीत होते. दोष संचाचा नव्हताच.

‘५.१’ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. समोर डावा, उजवा आणि मधला, मागे किंवा बाजूला दोन, आणि खालच्या जाड आवाजासाठी वूफर. सिनेमाच्या ध्वनिपट्टीत या सहा वाटा वेगवेगळ्या भरलेल्या असल्या तरच मागच्या स्पीकरला त्याचा स्वतःचा आवाज मिळतो. गाणी मात्र बहुतेक दोनच वाटांची असतात. मोबाईलवरून ब्लूटूथने लावले तर सहसा दोनच वाटा जातात. टीव्हीचा आवाज हेडफोनच्या भोकातून घेतला तरी दोनच. मग मागचे स्पीकर गप्प बसतात, नाहीतर समोरचाच आवाज पुन्हा काढतात.

सहाही वाटा हव्या असतील तर टीव्ही आणि संच दोन्हींवर ‘एचडीएमआय एआरसी’ किंवा ‘ऑप्टिकल’ लिहिलेली जागा आहे का, ते विकत घेण्यापूर्वी पाहावे आणि दुकानातच तसे जोडून दाखवायला सांगावे. घरात फक्त गाणी, बातम्या आणि मालिका चालत असतील तर ५.१ ऐवजी चांगले दोन स्पीकर घेणे केव्हाही परवडते.

आपल्या खोलीत मांडणी

एका घरातल्या आजीबाई म्हणाल्या, “ढाँय-ढाँय ऐकू येतं बाबा, पण बोलतात काय ते कळत नाही.” टीव्ही सिनेमाचा खर्च त्यांच्या नातवाने केला होता, आणि आजीच ऐकण्यातून बाद झाली होती. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. त्या घरी तो टीव्हीमागे दडवलेला होता. तो पुढे, टीव्हीच्या बरोबर खाली, तोंड ऐकणाऱ्याकडे करून ठेवला, रिमोटवर मधल्याचा आवाज दोन घरे वाढवला आणि वूफर कमी केला. आजीला संवाद कळू लागले.

आणखी काही गोष्टी:

समोरचे डावे-उजवे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत. ते दोन आणि ऐकणारा मिळून समान बाजूंचा त्रिकोण व्हावा.

वूफर कोपऱ्यात ठेवला की धप-धप वाढते. आपल्या पत्र्याच्या घरात मग पत्राच वाजू लागतो. अशा वेळी त्याला भिंतीपासून हातभर पुढे आणावे आणि खाली जाड सतरंजीची घडी ठेवावी.

उघड्या सिमेंटच्या भिंतींवरून आवाज घुमतो. समोरच्या भिंतीला गोधडी लावली किंवा पुस्तकांचे कपाट ठेवले तरी फरक पडतो.

वायर जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी. दोनपैकी एका स्पीकरची उलटी जोडली तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि गाणे पोकळ वाटते. मेकॅनिकला बोलावण्याआधी हे तपासावे.

वीज कमी-जास्त होत असेल तर पाऊस-वादळात प्लग काढून ठेवावा.

हप्त्याचा हिशेब

आम्ही बी. कॉम. झालेले, दिवसभर आकडे मांडणारे. त्यामुळे हा भाग जरा सविस्तर. समजा एक संच १२,००० रुपयांचा आहे. दुकानदार म्हणतो, शून्य टक्के व्याज, १,२०० रुपयांचे दहा हप्ते. वर ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये. तोच संच रोख घेतला तर ११,००० ला मिळतो. म्हणजे हप्त्याने एकूण १२,५९० रुपये जातात आणि रोखीपेक्षा १,५९० रुपये जास्त पडतात. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून हिशेब केला तर हे व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्याही वर जाते. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले आहे.

एखादा हप्ता चुकला की दंड वेगळा आणि पुढे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना ती नोंद आडवी येते. म्हणून आमचे सांगणे असे की वस्तू सहा महिने उशिरा आली तरी चालेल. तोच हप्ता दर महिन्याला पोस्टात किंवा बचत गटात टाकावा आणि मग रोखीने घासाघीस करावी.

पावती जपा

आमच्याच घरी घेतलेल्या एका संचाचा वूफर सातव्या महिन्यात बंद पडला. वॉरंटी वर्षाची होती. दुरुस्ती केंद्रात ‘आज या, उद्या या’ सुरू झाले. आम्ही पावतीची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर काम झाले. पक्की पावती नसती तर आम्हाला काहीच करता आले नसते. थोडा कर वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नये, तो याचसाठी.

तेवढ्यानेही भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडे जाता येते. जिथे आपण राहतो तिथल्या आयोगात, म्हणजे आपल्यासाठी जालन्यात, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असे नाही.

शेजारी आणि अभ्यास

आपली घरे भिंतीला भिंत लागून. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घरच्या संचाचा आवाज आपल्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये. हा कायदा झाला. पण शेजारच्या खोलीत दहावीची मुलगी पुस्तक घेऊन बसली असेल तर तिच्यासाठी आवाज कमी करायला कायदा कशाला हवा? वूफरची धप-धप भिंतीतून सर्वात लांब जाते, म्हणून रात्री आधी तो कमी करावा.

आपल्या कानांचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर धोका नाही, पण ९० डेसिबल झाला की ती मुदत ४ तासांवर येते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. लहान मूल असलेल्या घरात हे विशेष ध्यानात ठेवावे.

जुना डेक भंगारात देऊ नका

शेवटची विनंती सर्वात महत्त्वाची. नवा संच आला की जुना कॅसेटचा स्टिरिओ किलोच्या भावात भंगारवाल्याला जातो आणि त्याच्याबरोबर कॅसेटचे खोकेही जाते. थांबा. त्या खोक्यात बाजारातून आणलेल्या कॅसेट असतात तशा कोऱ्या कॅसेटवर घरी भरलेल्याही असतात. गावातल्या गायन पार्टीचा जलसा, जयंतीला झालेले भाषण, लग्नात आजीने म्हटलेल्या ओव्या. बाजारातली गाणी मोबाईलवर पुन्हा मिळतील. वस्तीतल्या त्या शाहिरांचे आवाज मात्र जगात त्या एकाच फितीवर आहेत, कारण त्यांना कोणत्या कंपनीने बोलावले नाही आणि रेडिओनेही नाही.

डेक चालत नसेल तर बहुधा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. तो बदलण्याचा खर्च थोडा. आवाज दबका येत असेल तर हेड मळलेले असते. ते कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसावे. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. कॅसेटच्या मागच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची पाने तोडून टाकावीत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. आणि कॅसेट स्पीकरवर रचून ठेवू नयेत. आत लोहचुंबक असतो, त्याने भरलेला आवाज पुसला जातो.

मग डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला जोडून आवाज भरून घ्यावा. त्यासाठी ऑडॅसिटी नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला तासभरच लागतो. वस्तीतली कॉलेजची मुले हे एका रविवारी शिकून घेतील. फाईलला गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल घालावे आणि एकाऐवजी दोन-तीन जणांकडे प्रत ठेवावी. ज्यांचा आवाज आहे ते म्हातारे हयात असतील तर त्यांनाच बसवून विचारावे, की हे कधीचे आणि तबल्यावर कोण होते. ही माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा हे काम दिवाळीवर ढकलू नये.

आपल्या घरी अशी कॅसेट निघाली तर आम्हाला या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकून जरूर कळवावे.