पूल, टँकर आणि व्हिटॅमिन सीची गोळी

गेले तीन-चार वीकेंड मी एका डागाच्या मागे लागलोय. शर्टावरच्या नाही, आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमधल्या. बायको म्हणते, "ऑफिसातले बग कमी पडले का?" प्रश्न रास्त आहे. पण या डागापायी एका माणसाचं काम गेलं आणि ते घालवण्यात माझाही हात होता. म्हणून आजचं हे पुराण.

तर झालं असं. आमची सोसायटी पुण्यात, वाघोलीच्या बाजूला. म्हणजे टँकर आलाच. एप्रिलच्या शेवटी पूल रिकामा करून घासला आणि दहा टँकर मागवून भरला. साधारण १ लाख लिटर. पाणी इतकं नितळ की तळाच्या टाइल्स मोजाव्यात. पूल सांभाळणाऱ्या मामांनी संध्याकाळी क्लोरीन टाकलं आणि सकाळी बघतो तर काय, पाण्याचा रंग फिक्क्या चहासारखा! तीन दिवस फिल्टर चालवल्यावर पाणी निवळलं, पण पायऱ्यांवर आणि तळाला पिवळे-तपकिरी डाग उरले.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच तज्ज्ञ जागे झाले. "क्लोरीन कमी पडलंय, वाढवा." वाढवलं. डाग आणखी गडद. मामांनी अ‍ॅसिड लावून पायऱ्या घासल्या, पांढऱ्या झाल्या, पुढचा टँकर आला की पुन्हा तेच. मामा दोनदा म्हणाले होते, "साहेब, पाण्यातच काहीतरी आहे. टँकरचा पाईप पडतो ना, त्याच कोपऱ्यात आधी पिवळं होतं." आम्ही मान डोलावली आणि मनात म्हटलं, काम टाळायची कारणं आहेत ही. कमिटीच्या मीटिंगमध्ये "मेन्टेनन्स नीट होत नाही, माणूस बदला" असं म्हणणारा मीच. एजन्सीने दोन दिवसांत मामांना हलवलं.

नवीन मुलगा आला. डाग जसेच्या तसे.

आता मंडळी, आपण दिवसभर हेच काम करतो ना? एक गोष्ट बदलली, आउटपुट तेच राहिलं, तर मूळ दुसरीकडे आहे. मग मात्र मला लाज वाटायला लागली आणि मी वाचायला बसलो.

बोअरच्या पाण्यात लोह असतं. कधी खडकातून येतं, कधी गंजक्या केसिंग पाईपमधून. जमिनीखाली ऑक्सिजन कमी, त्यामुळे ते विरघळलेल्या रूपात राहतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. क्लोरीन पडलं की त्या लोहाचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे सरळ भाषेत पाण्यातच गंज तयार होतो. त्याचे कण तळाला बसतात, भिंतीला चिकटतात. म्हणजे आम्ही डाग घालवायला जे औषध ओतत होतो तेच डाग पाडत होतं! पीएच ७.६ च्या वर गेला तर हे आणखी जोरात होतं.

खात्री करायची युक्ती भलतीच स्वस्त निघाली. मेडिकलमधून व्हिटॅमिन सीची गोळी आणायची आणि पायरीवरच्या डागावर अर्धा मिनिट दाबून धरायची. मी धरली. उचलली तर खाली गोळीच्या आकाराचा पांढरा गोल! डाग असा उडाला तर तो बहुतेक लोहाचाच. (पानं-पाचोळ्याचा असेल तर क्लोरीनने जातो. निळसर-हिरवा असेल तर संशय तांब्यावर घ्यायचा. शेवाळ मारायला पुलात मोरचूद टाकतात, त्यातून तांबं येतं. पोहणाऱ्यांचे सोनेरी केस हिरवे होतात ते याच तांब्यामुळे, बिचाऱ्या क्लोरीनला उगाच शिव्या. काळपट-जांभळा असेल तर मँगेनीज.)

मग टँकरच्या पाण्याची बाटली लॅबला दिली. लोह लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही वाटत. पण ०.३ च्या वर गेलं की धुतलेल्या कपड्यांवर आणि नळांवरही डाग पडायला लागतात. आणि गुणाकार करून बघा: १०,००० लिटरच्या एका टँकरमागे ८ ग्रॅम लोह. दहा टँकरमागे ८० ग्रॅम. वर गंमत अशी की उन्हाळ्यात पुलातलं पाणी उडून जातं ते शुद्ध पाणी, लोह मागेच राहतं. आपण वरून पुन्हा टँकर ओततो, म्हणजे पुन्हा लोह. बुद्धीला पटेल असा हा मेमरी लीक आहे.

आता उपाय. कमिटीने एका पूलवाल्याला बोलावलं. त्याचा सल्ला चुकीचा नव्हता: पूल बंद ठेवा, क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्या, अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (तीच व्हिटॅमिन सी, फक्त किलोच्या हिशोबात) टाका, डाग पाण्यात उतरतील. मग सिक्वेस्ट्रंट नावाचं औषध टाका, ते लोहाला पाण्यातच धरून ठेवतं. त्यानंतर क्लोरीन हळूहळू वाढवा. एका दिवसात पूल पांढराशुभ्र.

सगळे खूश. मीच तेवढा कटकट करत राहिलो, आणि माझं म्हणणं इथेही मांडतो. सिक्वेस्ट्रंट लोह काढत नाही, लपवतं. रिकामा कॅच ब्लॉक लिहून एक्सेप्शन गिळल्यासारखं आहे ते. काही आठवड्यांत क्लोरीन त्याला संपवतं, पुन्हा डोस द्या, नाहीतर डाग हजर. चालू महिन्याचं काम भागवायला ठीक. पण लोह खरंच घालवायचं तर तीनच वाटा: ते गाळून काढा, पाणी बदलून बिनलोहाचं भरा, किंवा मुळात ते आत येऊच देऊ नका. तिसरी वाट सर्वात शहाणपणाची. टँकरचं पाणी आधी वेगळ्या टाकीत घ्या, तिथेच लोहाचं ऑक्सिडेशन होऊ द्या, लोह काढणाऱ्या फिल्टरमधून गाळा आणि मगच पुलात सोडा. इनपुट व्हॅलिडेशन, दुसरं काय?

रंगावरून निदान करू नये हे तर ऑलिंपिकवालेही शिकले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओला डायव्हिंगचा पूल हिरवागार झाला. बराच तर्ककुतर्क झाला. शेवटी उघड झालं ते असं की, ५ ऑगस्टला कोणीतरी ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं, त्याने क्लोरीनच निकामी केलं. शेजारच्या पुलातलं तर सुमारे ३७ लाख लिटर पाणी बदलावं लागलं. तिथेही खरा प्रश्न "पाणी हिरवं का?" हा नव्हता, "पाण्यात काय गेलं?" हा होता.

आमच्याकडे हा प्रश्न एकाच माणसाने विचारला होता आणि त्यालाच आम्ही काढलं. पोहायला येणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा तो पाण्याजवळ जास्त वेळ असायचा. असा बग रिपोर्ट ऑफिसात टेस्टरने दिला असता तर मी तो न वाचता क्लोज केला असता का? (खरं सांगायचं तर कधी कधी केलाय.)

गेल्या रविवारी मामांना फोन केला. लॅबचा रिपोर्ट सांगितला, माफी मागितली. परत येता का विचारलं. मामा म्हणाले, "नको साहेब, इथं बरं चाललंय. इथल्या पुलात नळाचं पाणी भरतात. डाग नाहीत, त्यामुळे माझं काम चांगलं आहे म्हणतात."

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांच्या कापलेल्या आठ दिवसांच्या पगाराचा विषय मी पुढच्या मीटिंगला काढणार आहे, फिल्टरच्या कोटेशनच्या आधी. तुमच्याही सोसायटीत पूल असेल तर माणूस बदलण्याआधी एक गोळी आणि एक बाटली पाणी, एवढा खर्च करून बघा.