खळबळीचे एकच कोडे

आदिविश्वातील खळबळीचा शोध घेणाऱ्या पदार्थवैज्ञानिकांस ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्यामागील उपयुक्त-निरुपयोगी ही विभागणी मात्र रास्त नाही. विश्वारंभीच्या तप्त द्रव्यातील भोवरे आणि अणुभट्टीच्या इंधनकांड्यांभोवती उसळणारे पाणी हे एकाच प्रवाहशास्त्राचे विषय होत. संथ प्रवाह केव्हा खवळतो, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून दाखविले. मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा लहान भोवऱ्यांत कशी उतरते, याचा नियम कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडला. तरीही खळबळीचे संपूर्ण गणित अद्याप सुटलेले नाही; अभियंत्यांस प्रयोगसिद्ध सूत्रांवर विसंबावे लागते.

हे विसंबणे निर्धोक नव्हे. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे वाफ व पाणी यांच्या मिश्र प्रवाहाने चालकांना चकविले. गाभ्यातील पाणी घटत असता ते वाढल्याचा समज झाला आणि जवळजवळ अर्धा गाभा वितळला. तारापूरला १९६९ पासून पाण्याने थंड होणाऱ्या भट्ट्यांची वीज घेतलेल्या देशाने मूलभूत संशोधनास चैन समजणे म्हणूनच परवडणारे नाही. ज्ञानात काटकसर केली, तर तिची किंमत सुरक्षिततेस मोजावी लागते.